वाकलेली पिन

४ मार्च

ऑफिस बंद होणार, हे आज पक्कं झालं. पाइपांची ड्रॉइंग्ज करणारे आम्ही पाच जण. साहेबांनी एकेकाला आत बोलावलं. मला म्हणाले, “तुम्हाला घरून काम देता येईल. पण नवा प्रोग्राम तुमच्या कॉम्प्युटरवर चालला पाहिजे. या महिन्यात एक नमुना करून पाठवा, मग बघू.”

घरी येऊन प्रोग्राम टाकून पाहिला. एका ओळीत उत्तर – हा प्रोसेसर चालणार नाही. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसत नाही. म्हणजे दोन्ही बदलायचे आणि कॅबिनेट, हार्ड डिस्क, मॉनिटर तेच ठेवायचे. अख्खा नवीन घेण्याची ऐपत नाही.

काम मिळालं तर बसथांब्यामागची ती खोली भाड्याने घ्यायची. स्वतःची किल्ली! हे अजून कोणाला बोललेले नाही.

५ मार्च

जेवताना सांगितलं – “मदरबोर्ड बदलावा लागणार.”

बाबांचा घास हातातच राहिला. आमच्या घरात या वाक्याला दुसरा अर्थ निघतो. आई मी कॉलेजात असताना गेली. दोन वर्षांपूर्वी बाबांनी पुन्हा लग्न केलं.

हसल्या त्या बाबांच्या बायकोच. “यांनी तर कधीच बदललाय! चालू तेवढा व्हायचाय अजून.”

बाबांना ठसका लागला. मी ताट उचलून आत गेले. हसू येत होतं, ते नळ सोडून त्या आवाजात हसून घेतलं.

८ मार्च

मी त्यांना कशानेच हाक मारत नाही. “मावशी म्हणून बघ,” असं बाबा सुरुवातीला म्हणाले होते. मावशी मला खरीखुरी एक आहे. काकू म्हणजे शेजारच्या. म्हणून मी वाक्यातला कर्ताच काढून टाकला – “चहा झालाय.” “दार लावायचं राहिलंय.” दोन वर्षं असं बोलायला व्याकरण पक्कं लागतं.

११ मार्च

जुन्या सामानाच्या दुकानात मदरबोर्ड आणि प्रोसेसर जोडीने मिळाले! तासभर घासाघीस. दुकानदार शेवटी कपाळाला हात लावून – “ताई, तुम्ही माझ्याच दुकानात बसा, मी घरी जातो.” दिले मात्र. “घोड्यासारखा पळेल. पण नेलेला माल परत घेत नाही, आधीच सांगतो.”

जुनी रॅम बसणार नाही, तिची खाच वेगळ्या जागी आहे. तीही तिथेच घेतली. बाजूला ठेवलेलं सगळं संपलं. हा चालला नाही तर नमुना नाही, काम नाही, खोली नाही.

१२ मार्च

प्रोसेसरवर लावायची पेस्ट म्हणून दातांची चालेल का, असं बाबा विचारतात. नाही.

१४ मार्च

जोडला. पंखा फिरतो. स्क्रीन काळी.

वायरी तपासल्या, रॅम काढून घातली. काळीच. दुकानदाराला फोन – “आमच्याकडे चालत होता, ताई.”

जेवणार नाही म्हणून सांगितलं. त्या दाराबाहेरून म्हणाल्या, “मशीनवरचा राग पोटावर कशाला काढायचा?” जेवले मात्र.

१५ मार्च

प्रोसेसर पुन्हा काढला. बाबांचं पेपर वाचायचं भिंग घेऊन सॉकेट बघितलं. केसासारख्या पिनांच्या रांगा, सगळ्या एकीकडे कललेल्या – आणि कोपऱ्यात एक भलतीकडेच वाकून शेजारणीला चिकटलेली. दुकानात कोणीतरी घाई केली असेल. किंवा काल मी. आता कळायला मार्ग नाही.

एका हातात भिंग, दुसऱ्यात सुई. टॉर्चला हात उरला नाही. बाबा बाहेर गेलेले. त्या दारातच उभ्या होत्या.

“मी धरू?”

मी मान हलवली.

“उजेड हलतोय गं माझा. श्वास रोखून धरू का?”

“श्वास घ्यायला हरकत नाही,” मी म्हटलं. कर्ता नाहीच.

ती पिन दोनदा वाकवली तर तुटते. सुई हळूच तिच्याखाली सरकवली. नेमकी माझ्याच बोटाची सावली आडवी आली.

“आई, डावीकडे धर ना!”

उजेड डावीकडे गेला. मग तसूभरही हलला नाही. पिन उठली, रांगेत जाऊन बसली.

मी वर बघितलं नाही. आधी पिनेमुळे. नंतर काही कारण नव्हतं, तरी नाही. तिने टॉर्च बंद केला, पदराने कपाळ पुसलं.

नवी पेस्ट लावली. प्रोसेसर बसवला. बटण दाबलं – स्क्रीनवर अक्षरं!

बाबा दारात चपला काढत होते, तोवर ती ओरडली, “अहो, झाला एकदाचा मदरबोर्ड चालू!”

बाबांना अर्धंच कळलं. तेवढ्यावरच ते खूश.

१६ मार्च

कालचं वाचलं. ‘त्या’ची ‘ती’ कुठल्या ओळीत झाली ते सापडलं. खोडलं नाही.

२५ मार्च

नमुना पाठवला. प्रोग्राम एकदाही अडकला नाही.

३१ मार्च

काम मिळालं!!

मग खोलीचंही सांगून टाकलं. बाबा पेपरच्या मागे गेले. पेपर उलटा नव्हता, पण पान बराच वेळ तेच होतं. आई म्हणाली, “बघून तर येऊ.”

५ एप्रिल

खोली पाहून आलो. उजेड भरपूर, भिंती कोरड्या, कुलूप नवं. आईने दाराच्या चौकटीत दोन्ही हात पसरून पाहिले. “यातून तुझं टेबल जायचं नाही हो.”

मी टेपने मोजलं. सहज जातं.

“हो गं,” म्हटलं, “नाहीच जायचं.”