नाण्याच्या पाठीवरची कोर

४ फेब्रुवारी
दादानं आज जेवताना खिशातून एक चांदीचं नाणं काढून ताटाशेजारी ठेवलं. बाबांना गवंडीकामात एक जुनी भिंत पाडताना मिळालेलं. आईनं इतकी वर्षं कापसात गुंडाळून ठेवलं होतं, आणि मला पत्ताच नाही! त्यावरच्या राजाच्या भुवईचा केस न् केस दिसतो. दादा ते नाण्यांच्या व्यापाऱ्याला दाखवून आला. "हातातून सोडवत नव्हतं गं त्याला. यात माझा गहाण टेम्पो सुटतो."

मी म्हटलं, असं सापडलेलं सरकारचं असतं. विकणं गुन्हा आहे.

"घ्या. आणखी शिकवा हिला," दादा आईबाबांना म्हणाला.

आई ताटं उचलायला लागली – माझं जेवण व्हायच्या आत.

७ फेब्रुवारी
दादाचा अबोला. "आई, तुझ्या लेकीला सांग, पंखा बंद कर."

१० फेब्रुवारी
बाबा आपणहून म्हणाले, "तू म्हणतेस तर देऊन टाकू. कायदा तुला कळतो, आम्हाला काय." दादाकडे बघवत नव्हतं, तरी बरं वाटलं. घरातल्या पहिल्या पदवीचा काहीतरी उपयोग झाला.

१३ फेब्रुवारी
बाबांबरोबर संग्रहालयात जाऊन नाणं दिलं. तिथल्या मॅडमनी ते नुसतं कडेला धरून भिंगाखाली पाहिलं. "यासाठी संग्राहक घरदार विकतील." आमच्यासाठी चहा मागवला. बाबांना काका म्हणाल्या. अशी नोकरी मला हवी.

मग त्यांनी नाणं उलटलं. मागची बाजू काळसर, पण कडेजवळ एक लख्ख कोर – तेवढीच चांदी काळी पडलेली नाही. "इथं दुसरं नाणं टेकून होतं. वर्षानुवर्षं. काका, बाकीची कुठंयत?"

"एकच होतं," बाबा म्हणाले.

मी ठणकावून सांगितलं, माझे बाबा खोटं बोलत नाहीत. मॅडम म्हणाल्या, सोमवारी घरी येऊन जबाब घेते. खोटं निघालं तर काकांवर केस होईल – हेही त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं.

बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी एकटीच बोलत होते.

१४ फेब्रुवारी
दादा अखेर बोलला. "घेतलंस ना विकतचं दुखणं?"

१५ फेब्रुवारी
आईनं भाजी निवडता निवडता सांगितलं. माझ्याकडे न बघता.

पाच होती. "चार तुझ्या कॉलेजात गेली."

मी विचारलं, दादाला माहीत आहे?

"त्यानंच तर विकून आणली, एकेक करून. पाचवं त्याचं, असं ठरलं होतं."

मग मला अडवलं का नाही कुणी?

"काय सांगून अडवणार? तुला कळू द्यायचं नाही, अशी शपथ आहे बाबांची. म्हणाले, पोरीला मान वर करून वागू दे."

नंतर देठं वेचून मला केराची टोपली आणायला सांगितली. मी आणली.

१७ फेब्रुवारी, सोमवार
मॅडम आल्या. बाबा बोलायच्या आत मी म्हटलं, "एकच होतं, मॅडम. मी लहानपणापासून बघतेय." त्यांनी लिहून घेतलं. माझ्यावर विश्वास बसला त्यांचा.