उपाशीपोटी यावे

सोमवार, १० नोव्हेंबर
काल लिहिलं की ‘कर्मचारी स्वास्थ्य’ ग्रुपवरचा माझा संदेश ४१२ लोकांनी वाचला. चूक. ४१२ लोकांपर्यंत पोचला. वाचला नऊ जणांनी. त्यांत एक मी, ऑफिसच्या दुसऱ्या फोनवरून, आणि एक अन्नपूर्णा आत्या, जी इथे बनारसच्या युनिव्हर्सिटीत नोकरीला नाही. रोजनिशीत तरी खोटं नको. बाबांनी आठवीपर्यंत घरीच शिकवलं, त्यातला पहिला धडा हाच.
सातही वाईट नाहीत.
आमचे साहेब रत्नाकर सर म्हणाले, २१ला गेस्ट हाउसच्या लॉनवर तपासणी शिबिर. शंभर माणसं आली नाहीत तर वेलनेस सेल बंद, आणि महिनाअखेर माझं कॉन्ट्रॅक्टही. मी शांतपणे ऐकलं. डावा डोळा फडफडतोय. बायकांना शुभ असतो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर, पहाटे ४.४०
नवी योजना. संदेश ब्राह्ममुहूर्तावर पाठवायचे, तेव्हा मन ग्रहणशील असतं. आजचा पाठवला : ‘पूरी नींद लें।’
दुपारी : ३८ जणांनी ग्रुप सोडला. म्हणजे वाचला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
ग्रुपवर प्रश्न टाकला, आज आपण किती पाणी प्यायलात? एकच उत्तर, हेड क्लार्क त्रिपाठीजींचं : ‘पहले नल ठीक कराइए।’ संवाद सुरू झाला. डबा खायचा राहिला.

शनिवार, १५ नोव्हेंबर
शिबिरासाठी चार नावं. (तीन. चौथं आत्याचं.)
आत्या तांदूळ निवडत म्हणाली, फोनवर बोलावून कोण येतं गं? श्राद्धाला ब्राह्मण सांगायचा तरी तुझे बाबा घाटाच्या पायऱ्या उतरून स्वतः जातात. मी तिला डिजिटल कम्युनिकेशन समजावलं. बाबा पोथीतून मान वर न करता म्हणाले, बोलावणं हातात द्यावं लागतं. अक्षत द्यावी.
जुनी पिढी.

सोमवार, १७ नोव्हेंबर
त्यांचं म्हणणं मान्य केलेलं नाही. फक्त ऑफलाइन सपोर्ट म्हणून कुंकू लावलेल्या तांदळाची वाटी नेली. टेबला-टेबलाशी जाऊन हातावर अक्षता दिल्या, नमस्कार केला आणि एकच वाक्य : शुक्रवार, सकाळी आठ, गेस्ट हाउसचं लॉन, परिवारासह या, उपाशीपोटी या. कशासाठी, ते सांगायची गरज नव्हती. ग्रुपवर आठ दिवस तेच चाललंय.
प्रतिसाद थक्क करणारा. त्रिपाठीजींच्या डोळ्यांत पाणी. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘देर से सही, बिटिया, शुभ काम हो रहा है। पिताजी का मन हल्का हुआ होगा।’ वेलनेसबद्दल एवढी आस्था! मग विचारलं, लड़का क्या करता है? लॅबच्या माणसाबद्दल असणार. मी म्हटलं, रक्त काढतो, हात अगदी हलका आहे. खूश झाले.
कुणीतरी कुरकुरलं, सकाळी आठला? अकाउंट्सच्या शरदिनीताई म्हणाल्या, ‘मराठियों में सब दिन में ही होता है।’ आपल्या शिस्तीची कीर्ती आहे तर.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
१६३!
बनारसी साड्या, शेरवान्या, मुलंबाळं. मला वाटलं, आरोग्याचा उत्सव. दारावर झेंडूच्या माळा मीच लावल्या होत्या, लोक पाहून खूश. उपाशीपोटी तर एकूण एक. ११८ जणांचं रक्त काढून झालं. त्रिपाठीजी बाही सरकवत म्हणाले, ‘कुंडली की जगह अब खून मिलाते हैं, सुना था। लेकिन बारातियों का भी?’ आणि सुई टोचणाऱ्या प्रल्हादला, ‘धीरे से, दामाद जी।’
प्रल्हादच्या हातून नळी पडली. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला.
पावणेदहाला कुणीतरी कनातीमागे डोकावलं. दोनशे केळी आणि ग्लुकोज बिस्किटं. पुढचं लिहीत नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर
रत्नाकर सर लखनौला होते, त्यांना फक्त आकडा कळला. कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांनी वाढणार. अहवाल मागितला, विषय : डिजिटल संवादाचं यश. चार पानं लिहिली. ‘उपस्थित सर्वजण सूचनेनुसार उपाशीपोटी आले.’ तीनदा तपासलं. अक्षरशः खरं आहे.
झोप आली नाही. लोकांना मात्र ‘पूरी नींद लें’ वेळेवर गेलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
घरात पाच डिनर सेट आणि एक कुकर. परत द्यायला गेले. त्रिपाठीजींनी हात जोडले, ‘बिटिया को दिया सामान लौटता है कहीं? आज नहीं तो कल होगा।’ त्यांची साखर २९० निघाली. आयुष्यात पहिल्यांदा तपासली म्हणे. मीठा पान सोडलं, साधं सुरू केलंय. त्यांनी आशीर्वाद दिला, आणि मला अहवालाच्या चार पानांची लाज वाटली.
ग्रुपवर आज २११ संदेश. सगळे वाचतायत. विषय एकच, लड़का तो अच्छा है, देर किस बात की? आत्याने त्यावर अंगठा दिलाय. तिला ग्रुपमधून काढायला हवं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
दोन्ही डोळे फडफडतायत. याचं फळ बाबांना विचारलं. म्हणाले, झोप.
सरांना खरं सांगायचं, अहवाल मागे घ्यायचा. मग सगळ्यांची माफी. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, टेबला-टेबलाशी जाऊन. कॉन्ट्रॅक्टवर सही सोमवारी अकराला आहे. सरांना सांगायची वेळ आधी साडेअकरा लिहिली होती. खोडली.
सोमवार, १ डिसेंबर, सकाळी साडेदहा. अक्षता न घेता.