अक्काचं ध्यान आणि माझी शाल

४ ऑगस्ट, सोमवार

चुकांसाठी वही! दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. वर लाल शाईत — ‘होता होता राहिलेल्या चुका’. खाली बारीक अक्षरात — ‘झालेल्यासुद्धा’.

आणणारी ब्राह्मी. आमच्या इस्लामपूरच्या दवाखान्यात, औषधाच्या खिडकीवर, महिन्यापूर्वी माझी साहेब म्हणून आली. वय सत्तावीस. मी खिडकीवर सव्वीस वर्षं. म्हणजे मी पहिली गोळी दिली तेव्हा ही आष्ट्यात रांगत होती.

म्हणाली, “वर्धमानकाका, ज्याची चूक त्यानंच लिहायची. कुणी ओरडणार नाही. कळलं तर सुधारता येतं, एवढंच.”

मी म्हटलं, “माझं पान कोरं राहील. कागद वाया. अर्जुनाला देऊन टाक.”

हसली नाही. त्या मुलीत एवढंच न्यून.

६ ऑगस्ट

अर्जुनानं एका दिवसात तीन चुका लिहिल्या! तो कपाटातून औषधं काढतो, मी चिठ्ठीशी ताडून खिडकीतून देतो. तिन्ही नोंदींचा शेवट एकच — ‘वर्धमानकाकांनी धरलं’. वही वाचनीय होत चालली आहे.

वडील जैन देवळातले उपाध्ये. मी सात वर्षांचा असताना त्यांनी माझ्याकडून दोषाच्या चार पायऱ्या घोकून घेतल्या होत्या — अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार, अनाचार. मन ढळलं, पाऊल उचललं, थोडं घडलं, पुरतं घडलं. ब्राह्मीला ऐकवलं. म्हटलं, “तुझी वही आपल्याकडे दोन हजार वर्षं आहे.”

म्हणाली, “मग काका, तुमचं पान कोरं कसं?”

शाळेत संस्कृत घेतलेलं नाही तरी वाद बरा घालते.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी

अक्का आष्ट्याहून आली. गुणमालाअक्का — माझी थोरली बहीण, चौदा वर्षांनी मोठी, आई गेल्यावर तीच आई. राखी बांधली, माझ्या पोटाकडे बघून “लय सुटलास रं” म्हणाली, आणि पिशवी पुढे केली. तिच्या साखरेच्या दुखण्याच्या गोळ्या न्यायला. चिठ्ठी डॉक्टरांची, हात माझा; अकरा वर्षं असंच. पाकिटावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं — सकाळी जेवणाआधी एक, संध्याकाळी जेवणाआधी एक.

“समजलं ना, अक्का?”

“व्हय की. आता काय नवीन हाय त्यात?”

खरंच. काय नवीन?

११ ऑगस्ट

आज करमणूक झाली. मनुबाई म्हणून एक म्हातारी, जतची. लेकीकडं येते तेव्हा औषधं नेते. सगळ्या गोळ्या पाकिटातून सोलून मिसरीच्या डबीत टाकते. पांढरी रक्तदाबाची, गुलाबी साखरेची — रंगावर कारभार. आणि या खेपेला साखरेची गोळी दुसऱ्या कंपनीची आली. तीही पांढरी.

मी सांगितलं, समजलं का विचारलं, “व्हय” आलं, मी पुढची चिठ्ठी घेतली. तेवढ्यात ब्राह्मी पुढे सरकली. “मावशी, आता तुम्ही मला सांगा. घरी गेल्यावर कशा घेणार?”

“त्यात काय सांगायचं बाई? पांढरी सकाळी.”

“दोन्ही पांढऱ्याच आहेत.”

“मग दोनी सकाळी!”

रांगेत हशा. मनुबाईसुद्धा हसली. ब्राह्मीनं दोन वेगळ्या डब्या दिल्या, एकीवर सूर्य काढला, एकीवर चंद्र. मग माझ्याकडे बघितलं.

मनुबाईचा दोष डबीचा. माझा नव्हे. वहीत ब्राह्मीनंच लिहिलं. कुणाचं नाव न घालता! सज्जनपणा असा असह्य असतो.

१४ ऑगस्ट

दवाखान्याचे विश्वस्त आप्पासो आले. वही चाळली. अर्जुनाचं अक्षर बघून गंभीर झाले. मग जाहीर केलं — क्षमावाणीच्या, म्हणजे पर्व संपल्यावर एकमेकांची क्षमा मागायच्या दिवशी, ज्याच्या नावावर एकही चूक नाही त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार!

ब्राह्मी म्हणाली, “आप्पा, शाल ठेवली तर वहीत लिहील कोण?”

“आगं, चुका कमी व्हाव्यात म्हणूनच शाल!”

“चुका नाही कमी होणार. नोंदी होतील.”

आप्पासोंना ते कळलं नाही. मला कळलं. पण मला शालीचा रंगही दिसू लागला होता. तपकिरी असावी. काठ बारीक.

१६ ऑगस्ट

अर्जुनानं लिहायचं बंद केलं. वही एकदम निरोगी झाली.

२० ऑगस्ट

हुकूम — यापुढं प्रत्येकानं प्रत्येक रोग्याला ‘तुम्ही मला सांगा’ विचारायचं. ‘समजलं का’ बंद. ब्राह्मीचं म्हणणं, ‘समजलं का’ला साऱ्या जिल्ह्याचं उत्तर ‘व्हय’ असतं.

मी पहिला प्रयोग लालासाहेबांवर केला. कडेगावचे, पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त, आता ऊस आणि गुडघे सांभाळतात.

“लालासाहेब, आता तुम्ही मला सांगा, गोळ्या कशा घेणार?”

“आवं, मी तुमास्नी सांगायचं? मग तुमी हितं कशाला बसलाय?”

“नियम आहे.”

नियम म्हटल्यावर ताठ झाले. “सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर, सर!” आणि सलाम. बरोबर सांगितलं. म्हणजे प्रश्न निरर्थक. एका प्रयोगावरून सिद्धांत काढू नये हे न्यायशास्त्रात शिकलो होतो. पण रांग मोठी होती.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दशलक्षण पर्व, आमचे व्रतांचे दहा दिवस, सुरू. अक्काचं दहा दिवस एकाशन — अकराच्या सुमाराला एकदाच जेवण, त्याच बैठकीला पाणी, मग दुसऱ्या दिवसापर्यंत तोंड बंद. सहासष्टाव्या वर्षी! मी पर्वात कांदा सोडतो. त्याचंही चार जणांना सांगतो.

आणि तिचं ध्यान. साखरेच्या दुखण्यातही व्रत सोडलं नाही, त्याचंच हे फळ असं आष्ट्यात सगळे मानतात. दरवर्षी चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारच्या प्रवचनात लागतं. हलत नाही, बोलत नाही, चेहऱ्यावर तेज. बायका पाया पडतात. मीही पडतो. वडिलांना सगळी शास्त्रं पाठ, पण हे साधलं नव्हतं.

३१ ऑगस्ट, रविवार

क्रमानं लिहितो.

सुट्टी म्हणून आष्ट्याला गेलो. दुपारी चारला देवळात प्रवचन. अक्का खांबाला टेकून बसलेली. सव्वाचारला तिचे डोळे अर्धे मिटले. मान किंचित डुलली. शेजारची बाई हाक मारू लागली, तर दुसरी म्हणाली, “आगं, अक्कांचं ध्यान लागलंय.” आणि मी — सव्वीस वर्षं औषधाच्या खिडकीवर बसलेला मी — बोट ओठांवर ठेवून म्हणालो, “कुणी हात लावू नका.”

ब्राह्मी मागं बसली होती. तिचंही हेच देऊळ. उठली, बायकांचे पाय चुकवत आली आणि सरळ हात लावला. कपाळाला.

“काका, घामानं भिजल्यात. गार पडल्यात.”

तेज! ते तेज घामाचं होतं!

“ह्यांना शुगरच्या गोळ्या आहेत का?”

मी मान डोलावली. देवळासमोर राहणाऱ्या कंपाउंडरचं साखर मोजायचं यंत्र आलं, बोट टोचलं. अठ्ठेचाळीस. सत्तरच्या खाली गेली की धोका, हे मी खिडकीवर रोज सांगतो.

ब्राह्मीनं साखरेचं पाणी ओठाला लावलं. अक्कानं ओठ घट्ट मिटले! तेवढी शुद्ध होती. पुटपुटली, “एकाशन हाय माझं.”

मला आपद्धर्मावर काहीतरी बोलायचं होतं. फक्त म्हणालो, “अक्का, पी. माझ्यासाठी पी. पाप मला लागू दे.”

एक डोळा उघडून म्हणाली, “तुला आधीच लय हायत.” आणि प्याली.

तिथून गाडीत घालून आमच्याच दवाखान्यात. रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, उपासात गोळ्यांचं प्रमाण बदलावं लागतं, आधी विचारायचं असतं. कुणी विचारलं नाही. कुणी म्हणजे कुणी? कंसात नाव घालायला नको.

१ सप्टेंबर

अक्का कॉटवर, माझ्यावर रुसलेली. व्रत मोडल्याचा राग. मी शेजारी बसलो आणि ब्राह्मीचा प्रश्न विचारला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

“अक्का, आता तू मला सांग. पर्वात गोळ्या कशा घेतेस?”

“कशा म्हंजे? पानावर बसलं की दोनी.”

“दोन्ही एकदम?”

“मग? तोंड एकदाच उघडायचं. संध्याकाळची संध्याकाळी घ्यायची तर पाणी प्यावं लागतंय. तूच लिहिलायस न्हवं, दिवसाला दोन? मी एकबी चुकवली न्हाई.”

एकही चुकवली नाही! माझी आज्ञा आणि धर्माची आज्ञा, दोन्ही तंतोतंत पाळल्या. आणि अक्का एकाशन करते हे मला तिची गोळी ठाऊक होण्याच्या आधीपासून ठाऊक. तोच मी ‘संध्याकाळी जेवणाआधी’ असं सुवाच्य अक्षरात लिहितो. कोणत्या जेवणाआधी?

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी उरलेल्या दिवसांचं वेगळं लिहून दिलं, पुढच्या पर्वाआधी महिनाभर दाखवायला सांगितलं. आणि अक्काला म्हणाले, यंदा एकाशन नाही. अक्कानं भिंतीकडे तोंड केलं.

३ सप्टेंबर

दोन डोसांची गोष्ट खिडकीवर कुणाला ठाऊक नाही. ब्राह्मी समजते, नुसत्या उपासानं साखर उतरली. डॉक्टर गप्पांचे नाहीत. अक्का रुसलेली.

माझं पान कोरं. शालीला पाच दिवस.

५ सप्टेंबर

वही आज तीनदा उघडली. तीनदा मिटली. अतिक्रम, व्यतिक्रम — घोकणं सोपं होतं.

दुपारी एक जैन म्हातारे आले, साखरेच्याच गोळ्या न्यायला. तोंडातून आपोआप निघालं, “आता तुम्ही मला सांगा, पर्वात कशा घेता?”

म्हणाले, “एकदमच घेतो की. सगळेच तसं घेतात.”

सगळेच!

त्यांना तसंच डॉक्टरांकडे नेलं. परत येऊन वही उघडली आणि अक्काच्या दोन गोळ्यांची नोंद लिहिली. पाऊण पान. शेवटी ‘वर्धमानकाकांनी धरलं’ लिहायला कुणी नव्हतं.

ब्राह्मीनं वाचली. शालीचा विषय काढला नाही. एक पाटी केली आणि खिडकीवर लावली — ‘उपास, एकाशन करत असाल तर गोळ्या घेण्याआधी सांगा’. संध्याकाळपर्यंत सात जणांनी सांगितलं. त्यात एक लालासाहेब! “आमची मंडळी नवरात्रात नऊ दिवस निस्त्या पाण्यावर असत्यात, आन् गोळ्या चालूच. कुणी इचारलंच न्हाई कवा.”

अर्जुनानंही आज दोन चुका लिहिल्या. जुन्या. साठवलेल्या.

८ सप्टेंबर, सोमवार. क्षमावाणी

सकाळपासून फोनवर क्षमेच्या फुलांची चित्रं. एकशेचार जणांनी माझी क्षमा मागितली. त्यातल्या नव्वदांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

सत्कार झाला! मी आप्पासोंना नोंद दाखवली, म्हटलं, मी बसत नाही यात. त्यांनी चष्मा वर करून वाचली. “घरच्या माणसाला दिलेलं औषध. ती कुठली चूक? आन् एकच तर हाय सव्वीस वर्षांत! वाक जरा.” मी वाकलो. वाकलो, हे लिहून ठेवतो. शाल तपकिरीच आहे. काठ बारीक.

ब्राह्मीनं टाळ्या वाजवल्या. मग वही पुढे केली — नोंदीतला शेवटचा रकाना मी रिकामा ठेवला होता. ‘आधी किती वेळा घडलं?’

९ सप्टेंबर

अक्काला फोन केला. क्षमा मागितली. दिली, तिला पर्याय नव्हता, पर्वच तसलं. मग रकान्याचा प्रश्न विचारला.

“आधी? आरं, गोळ्या लागल्यापासनं दरवर्षीच की रं. चौथ्या-पाचव्या दिवशी ध्यान लागायचंच माझं. तू पाया पडायचास न्हवं?”

रकान्यात लिहिलं — दहा वेळा. यंदाची धरून अकरा.

शाल ब्राह्मीच्या टेबलावर ठेवून आलो.