शिजलेलं पाणी

सोमवार, ९ जून

इराला परत. सकाळपासून उलट्या, मग जुलाब. पाच वर्षांची पोर, मे महिन्यापासून हे तिसऱ्यांदा. डॉक्टरांचा ठरलेला प्रश्न, "बाहेरचं काही खाल्लं का?" नाही हो, बाहेरचं काही नाही, घरचं पाणी प्यायली. बिल्डिंगच्या संपचं, म्हणजे जमिनीखालच्या टाकीचं, झाकण उघडून उभं राहून दाखवा कुणीतरी. वास येतो. शेजारून ड्रेनेजची लाइन गेलीय हे बेंगळुरूच्या अख्ख्या जे. पी. नगरला माहीत असेल, फक्त आमच्या सेक्रेटरीला नाही.

त्याला गेटवरच गाठलं. "मॅडम, नीरु चेन्नागिदे," म्हणे. पाणी छान आहे! वर, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." जरा चालवून घ्या म्हणे. मुलीच्या आतड्यांना सांगते अ‍ॅडजस्ट करायला.

मंगळवार, १० जून

भिंतीवरचा फिल्टर बंद पडलाय. दुरुस्तीवाल्याला फोन केला की "नाळे बर्तिनी." उद्या येतो म्हणे, रोजच याचं नाळे. उद्या उगवतच नाही मेल्याचा.

शेवटी माळ्यावरून ट्रेकची सॅक काढली. क्लोरीनच्या गोळ्या (तारीख बघितली, चालतील), पिळून गाळायची फिल्टरची पिशवी, पाण्यात धरायची अतिनील दिव्याची कांडी. पुण्यात असताना किल्ल्यावरच्या टाक्यातलं हिरवं पाणी याच सामानावर प्यायलेय, एकदाही पोट बिघडलं नाही. आणि इथे मेंटेनन्स भरून ही कथा.

पद्धत ठरवली. आधी फडक्यातून, मग पिशवीतून, मग गोळी, मग अर्धा तास कुणी हात लावायचा नाही. इरासाठी वेगळं, खळखळून उकळलेलं. फ्रिजवर कागद लावला : नळाचं पाणी तोंडात नाही, दात घासायलाही नाही.

नितीन म्हणतो, "घर आहे मृदुला, बेस कॅम्प नाही." नवरा आहे की पाहुणा?

अण्णांनी ग्लास हुंगला. "आस्पत्रेचा वास येतो." दवाखान्याचा म्हणे. पण प्यायले. "सरी," म्हणाले. म्हणजे ठीक. माझे सासरे सगळ्यालाच सरी म्हणतात, बनशंकरीत जन्मभर कापडाचं दुकान चालवलं, गिऱ्हाइकाशी वाद घालायची सवय नाही.

शुक्रवार, १३ जून

इरा शाळेत गेली. रंग जरा परत आलाय.

तपासणीच्या बाटल्या मागवल्या होत्या. पाणी भरून उबेत ठेवायची, घाण असेल तर काळी पडते. नळाच्या पाण्याची शाईसारखी काळी. आमच्या गाळून गोळी घातलेल्या पाण्याची जशीच्या तशी. दोन्ही घेऊन सेक्रेटरीकडे गेले. त्याने लांबूनच पाहिलं. "मॅडम, तुमच्या बाटलीतच काही असेल."

बाटली त्याच्या टेबलावर ठेवून आले. ठेवू दे शोकेसमध्ये.

बुधवार, १८ जून

इराला परत.

कसं? कसं?? उकळलेलं पाणी, शाळेची बाटली मी स्वतः भरते, आंघोळीला तोंड घट्ट मिटायला शिकवलंय. फ्रॉक ढगळ झालाय तिला. मांडीवर घेतलं तर हाडं लागतात. भीती वाटते, आणि भीती वाटली की मला राग येतो. सगळ्यांवर ओरडले. कामवाल्या अक्कांवर, नितीनवर. ओआरएसची पाकिटं पण संपलेली! मागच्या आठवड्यात आणायला सांगितली होती.

"आणली होती," नितीन.
"मग गेली कुठे, पाय फुटले?"
शप्पथ घेतो, आणली म्हणून. कुठेतरी पाणी मुरतंय या घरात.

गुरुवार, १९ जून

सापडलं.

आज रजा टाकली म्हणून दिसलं. एरवी या वेळी मी लॅपटॉपपुढे, दार लावून. अण्णांची पूजा झाली, इरा अंथरुणातून उठून गेली, उजवा हात पुढे, डावा खाली, शहाण्यासारखी. अण्णांनी पळीभर तीर्थ घातलं. प्यायली.

"अण्णा, हे पाणी कुठलं?"
"देवाचं."
"देवानं कुठून आणलं?"

म्हणाले, नळाचं. आंघोळ झाल्यावर सोवळ्यात, स्वतःच्या हाताने, ताजं भरलेलं. रोज.

रोज!! मी इथे थेंब थेंब गाळतेय, आणि रोज सकाळी माझी मुलगी हात पुढे करून संपचं पाणी पितेय. आणि वर तुळस. मला ओरडायचं होतं, आवाजच फुटला नाही.

शुक्रवार, २० जून

आवाज फुटला. नितीनला समोर बसवलं, म्हटलं आता तू बोल तुझ्या वडिलांशी. तो म्हणाला, "अण्णा, मृदुला काय म्हणतेय ते बघा जरा." झालं याचं बोलून.

मग मीच. फिल्टरच्या पिशवीचं घ्या. नाही म्हणे, तिला ट्रेकला कुणाकुणाची तोंडं लागली असतील. (खरंय, लागलीत.) गोळीचं? औषध घातलेलं देवाच्या डोक्यावर? छे. बरं, उकळलेलं तर शुद्धच ना?

"उकळलं म्हणजे शिजलं, मृदुला. शिजलेल्या पाण्याने देवाला आंघोळ घालतात का?"

शिजलेलं पाणी. लग्नाला नऊ वर्षं झाली, हा शब्द पहिल्यांदा ऐकला. भात शिजतो, डाळ शिजते, डोकं शिजतं माझं.

रात्रभर तांब्यात ठेवा, तांब्याने बरंच मरतं. "शिळं होतं." दिव्याची कांडी काढली, यात काही घालायचं नाही, नुसता उजेड. चालूच होईना, गंजलीय. तेवढ्यात तेच म्हणाले, "उजेड चालेल. सूर्यनारायणाचा असला तर उत्तमच." मला मिठी मारावीशी वाटली म्हाताऱ्याला. स्वच्छ पारदर्शक बाटली, फडक्यातून गाळलेलं पाणी, गच्चीवर आडवी ठेवली.

आभाळ गच्च. बेंगळुरूचा जून. ढगाळ असलं तर जंतू मारायला दोन दिवस लागतात उन्हाला. आणि दोन दिवसांचं पाणी शिळं. गच्चीत उभी राहून एकटीच हसले.

रविवार, २२ जून

कालच्या तीर्थातलं थोडं तपासणीच्या बाटलीत भरलं होतं. काळं. तुळशीच्या पानासकट. अण्णांच्या समोर ठेवलं.

"देवाची परीक्षा घेतलीस?"
"देवाची नाही, नळाची."

बाटलीकडे बघितलंच नाही त्यांनी. "मी पण तेच पितो ना? रोज. मला का होत नाही?"

म्हातारं शरीर, सवयीचं, असं काहीबाही मी बोलले. एवढं मात्र ठणकावून सांगितलं : तुम्ही काय प्यायचं ते प्या, इराला तीर्थ बंद. "सरी," म्हणाले. इरा भोकाड पसरून रडली. आजोबांनी तिला साखरफुटाणे दिले.

मंगळवार, २४ जून

सरी म्हणजे हो नव्हे. इतकी वर्षं इथे राहून मला हे कळू नये? सरी म्हणजे ऐकलं, बस्स. पालथ्या घड्यावर पाणी.

इरा तळहात चाटत स्वयंपाकघरात आली. "थेंबच दिला आजोबांनी. मी मागितला म्हणून."

मी देवघरापाशी गेले आणि म्हटलं, तुमचा देव माझ्या मुलीला मारतोय. असंच म्हटलं. अक्का पोछा मारता मारता थांबल्या. मराठी कळत नाही त्यांना, पण कळलं. अण्णा ताम्हन पुसत होते, पुसतच राहिले.

माफी मागणार नाही. मुळीच नाही. नितीन म्हणतो, शब्द जपून वापर. आधी इराचं वजन जपा म्हणावं.

गुरुवार, २६ जून

अण्णा बाथरूममध्ये पडले. दार आतून लावलेलं, नितीनने खांद्याने तोडलं. डोळे आत गेलेले, जीभ कोरडी, बोलताही येईना. उचलून गाडीत घातलं, तर हलकेच लागले. केव्हा एवढे वाळले? रोज समोर जेवायला बसतात, माझं लक्ष नाही. पंचे स्वतः धुतात, मला वाटायचं सोवळं.

चादर बदलायला घरी आले तर गादीखाली ओआरएसची रिकामी पाकिटं. इराची. घडी घालून ठेवलेली.

दवाखान्यात डॉक्टरीण कानडीत विचारत होती, जुलाब किती दिवस होताहेत. अण्णा म्हणाले, "स्वल्प."

स्वल्प! महिना तर झालाच असेल. इराच्याही आधीपासून असेल. म्हणजे, मला का होत नाही असं विचारलं तेव्हाही त्यांना होत होतं. खोटं बोलले. देवाच्या पाण्याला बोल लागायला नको म्हणून हा माणूस आतल्या आत झिजत बसला, आणि तेच पाणी नातीला देत राहिला. कुणी इतकं हट्टी असतं? भयंकर राग आलाय. आणि सलाइन लावलेल्या माणसावर रागावताही येत नाही, म्हणून नर्सवर ओरडले. चुकलं.

शनिवार, २८ जून

अण्णा बरे आहेत, बोलतात. नितीन तिथेच राहिलाय. सकाळी त्याचा फोन, "अण्णा म्हणतात, दोन दिवस देव पारोसे आहेत. तू आंघोळ घाल." मी? मी आयुष्यात पूजा केलेली नाही. आणि मंगळवारी त्याच देवाला काय काय बोलले.

केली. काल खळखळून उकळलेलं, निवलेलं पाणी घेतलं. शिजलेलं. इरा शेजारी बसून चुका काढत होती, आधी गणपती, बाळकृष्ण नंतर, आई, असं नाही, अंगठ्याने पुसायचं. देव इतके लहान असतात हे माहीत नव्हतं. इराने हात पुढे केला, मी पळीभर दिलं. प्यायली. तिच्याकडे बघत बसले. रडले थोडी.

तेवढ्यात परत फोन. या वेळी अण्णा स्वतः. आवाज खोल गेलेला.

"झाली पूजा?"
"झाली."
"कुठलं पाणी घातलंस?"

सलाइनवरच्या माणसाशी वाद नको. म्हटलं, "नळाचं. ताजं."
"औषध? उकळलं?"
"नाही अण्णा. तुम्ही घालता तसंच."

मागे कुणाची तरी ट्रॉली वाजत होती.

मग म्हणाले, "इराला तीर्थ देऊ नकोस."

आणि ठेवला.

सोमवारी घरी सोडतायत त्यांना. नळाचं नव्हतं, शिजलेलं होतं, हे सांगायचं की नाही? सांगितलं तर माझं खोटं कळेल. नाही सांगितलं तर त्यांनी आज जे कबूल केलं, ते माझ्या खोट्यावर उभं राहील.