औंढ्याच्या विहिरीचं पाणी

लोणावळा

सौ. अरुंधतीस,

तुझ्या माहेरच्या विहिरीवर रहाट कुरकुरायचा, तो आवाज आज दिवसभर कानात आहे. का, ते सांगतो.

आपली नात आसावरी खुशाल आहे. पोटभर जेवते, गुडघ्याची जखमही भरत आलीय. फक्त तिच्या हॉकी संघाचे मालक संघ ओडिशाला हलवायचं म्हणतात. खेळण्याआधी मैदानाचं टर्फ, म्हणजे ते नकली गवत, भिजवावं लागतं, नाहीतर पडल्यावर कातडी सोलते, आणि उन्हाळ्यात इथे पाण्याची टंचाई. पोरीने माळ्यावरून बॅग काढून ठेवलीय. इतक्या लांब हा म्हातारा येणार का, ते ती विचारत नाही, मीही बोलत नाही.

पण आज जवळच्या औंढे गावचे गेणूभाऊ शेतातल्या विहिरीचं पाणी टँकरमध्ये भरून ट्रॅक्टरने थेट मैदानावर आले. सोबत त्यांची बायको नंदाबाई, पाइप धरून. मी म्हटलं, "अहो, तुमची काकडी वाळेल!"

"वाळंना का, मास्तर! काकडी पुन्ना लावता येती. पोरी गेल्या तर कुटनं आणायच्या?"

जन्मभर वर्गात कविता म्हटल्या, पण असली ओळ ऐकली नव्हती. मी हात जोडले.

कलमाला कैऱ्या किती धरल्यात? रात्री कडी लावतेस ना?

तुझाच,
गोपाळकृष्ण

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तर दार वाजलं. संघाचे मालक स्वतः! बूट हातात, पँट घोट्यापर्यंत चिंब. म्हणतात, "आजोबा, मैदानावरूनच आलो. आसावरीला सांगा, बॅग भरू नकोस."