वजनावरचा भाव

मी, मार्तंड गोविंद मोहरील, वय वर्षे शहात्तर, खापरखेडा वीज केंद्राच्या भांडार विभागातून निवृत्त झालेला कारकून, राहणार मानकापूर, नागपूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. घरच्यांचे मत मी घेतलेले नाही. माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

१. मानकापूरचे घर मी माझ्या कमाईतून बांधले. ते मुलगा विक्रम व सून सौ. सुरुची यांना निम्मे-निम्मे मिळावे. मागच्या अंगणातले रामफळ माझी दिवंगत पत्नी सुमती हिने लावलेले आहे. गाडी ठेवायला जागा हवी म्हणून ते तोडू नये. विक्रम, हे वाक्य तुझ्यासाठी आहे.

२. बँकेतील मुदत ठेवी नात गार्गी हिच्या शिक्षणासाठी आहेत. शिक्षण कोणते, ते तिने ठरवावे.

३. कपाटातील चांदीची चोवीस नाणी. याबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

ही स्मरणार्थ काढलेली नाणी मी १९९६पासून घेत आलो. प्रत्येक नाणे बंद डबीत, सोबत प्रमाणपत्र. नागपुरातल्या सदर भागात जुन्या नाण्यांचे दुकान चालवणारे माझे मित्र चंद्रभान लांजेवार यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "मार्तंडराव, डबी उघडली का वरचा भाव गेला समजा. मंग राहते ते नुसतं वजन."

सुमती दर दिवाळीला लक्ष्मीपूजनासाठी एक नाणे मागायची. कुंकवाचा डाग पडला की भाव जातो, असे सांगून मी दरवर्षी नाही म्हणालो. ती पाटावर सुपारी ठेवायची.

२००९ साली, सुरुचीच्या पहिल्या दिवाळीत, एक नाणे डबीबाहेर सापडले. चिंचेने घासून लख्ख केलेले. चंद्रभान म्हणाले, आता हे वजनावारी जाईल. सुरुची मान खाली घालून "चुकलं बाबा" एवढेच म्हणाली. मी संक्रांतीपर्यंत तिच्याशी बोललो नाही. बिघडलेलेच आहे म्हणून ते नाणे सुमतीला देऊन टाकले. पुढे दहा वर्षे तिने ते पूजेत मांडले. २०१९ साली ती गेली.

गेल्या महिन्यात चांदी कडाडली, तेव्हा सगळी नाणी घेऊन मी सदरला गेलो. चंद्रभान यांनी ती एकेक करून काट्यावर ठेवली.

"चांदीच एवढी चढली, का वरचे पैसे कोणी देऊन नाही राहिलं," ते म्हणाले. "घेणारा भट्टीत आटवाले घेते."

"आणि हे घासलेलं?"

"त्याले बी तोच भाव."

एकच नाणे त्यांनी बाजूला काढले. तसली नाणी टाकसाळीतून फार थोडी निघाली होती आणि त्याचा क्रमांक प्रमाणपत्राशी जुळत होता. त्याला वजनाच्या दुपटीवर भाव आजही होता. बाकीच्यांना तो का नाही, असे मी विचारले.

"काहून म्हणजे? तुमच्यासारखी सगळ्यायनंच जपून ठेवली."

काहीही न विकता मी घरी आलो. चहाच्या वेळी सुरुचीला हे सांगितले आणि त्या जुन्या रागाबद्दल वाईट वाटते, असेही म्हणालो. ती हसली आणि मग तिचे डोळे भरून आले.

"बाबा, ते नाणं मी घासलं नव्हतं. आईंनी घासलं होतं. म्हणाल्या, एक तरी बिघडलं की ते मला मिळेल."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मी नवी होते. मला वाटलं, मला रागवाल आणि विसराल. त्यांना रागावला असतात तर त्यांना फार लागलं असतं."

मी उठून मागच्या अंगणात जाऊन बसलो. तेरा वर्षे माझ्याकडे मागून शेवटी त्या बाईने घरातल्या घरात असा मार्ग काढला, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी कात्रीने बावीस डब्या मी स्वतः उघडल्या.

म्हणून: घासलेले नाणे व ही बावीस नाणी सुरुचीची. तिने ती वापरावीत, कुंकू लावावे, हव्या त्या मुलीच्या ओटीत घालावीत. विकायची झाल्यास वजनाने विकावीत, भावाची वाट पाहत बसू नये. दुर्मीळ ठरलेले ते एक बंद नाणे गार्गीचे. त्याचे प्रमाणपत्र त्याच पाकिटात ठेवावे आणि विकताना तीन दुकानांत विचारावे. चंद्रभान मित्र आहेत, तरीही.

४. खिशातला काटा व भिंग विक्रमला. त्याला दोन्हींचा उपयोग नाही, पण लहानपणी त्याने ती मागितली होती आणि मी हात लावू दिला नव्हता.

५. २०१२ साली केलेले माझे आधीचे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करीत आहे. ते कोणाच्या हाती लागल्यास न वाचता फाडावे. त्यात सुरुचीचे नाव नाही.

वरील सर्व मजकूर मी कोणाच्या दडपणाशिवाय लिहिला असून दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

मार्तंड गोविंद मोहरील (सही)

साक्षीदार:
१. चंद्रभान लांजेवार, सदर (सही. "तीन दुकानं" खोडा म्हणाले, खोडले नाही.)
२. शोभाताई उमाठे, शेजारी, निवृत्त शिक्षिका (सही)

स्थळ: नागपूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६