चमेली आणि बादल यांच्या पायांची व्यवस्था

मी देवचंद पुना बैसाणे, वय ७४, निवृत्त ग्रंथपाल, राहणार शिंदखेडा, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. घरच्यांना शंका आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहतं घर मुलगा प्रशील आणि मुलगी स्नेहल यांना समसमान. बँकेतली ठेव स्नेहलला, कारण ती निदान फोन तरी करते.

२. चमेली आणि बादल हे दोन गिनीपिग प्रशीलने "आबा, फक्त आठवडाभर" म्हणून माझ्या गळ्यात मारले. त्याला तीन वर्षं झाली. माझ्यामागे ते स्नेहलकडे पाचोऱ्याला जातील. सोबत नखांची कात्री, मऊ ब्रश आणि टॉर्च.

३. स्नेहल, नीट वाच. नखं दर महिन्याला कापायची, नाहीतर वळून तळव्यात रुततात. काळ्या नखामागे टॉर्च धरलास की आतली शीर दिसते. तिला धक्का न लावता फक्त टोक काप. रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धर. पिंजऱ्याच्या तळाची जाळी उघडी ठेवू नकोस, वर कोरडं मऊ कापड घाल. ओल राहिली की तळव्यांना जखमा होतात. मागचे केस गुंततात, तेही कापत जा.

४. प्रशीलने जिनिंग मिलमधून कापूस आणून पिंजऱ्यात पसरला. "आपल्या खान्देशचा कापूस, आबा, गादीच की!" त्याचा तंतू बादलच्या बोटाला आवळून बसला. बोट काळं पडलं आणि गेलं. मी ओरडलो तर म्हणतो, "एका बोटाचं काय एवढं?" म्हणून माझी मोटारसायकल त्याला मिळणार नाही. ती पुतण्या भूपेंद्रला. त्यानेच बादलला धुळ्याला डॉक्टरकडे नेलं होतं.

५. शेजारच्या भागाबाई ओट्यावरून ओरडतात, "नाना, बठ्ठा गाव हासस! उंदीरना पाय धरीसन बसतस तुम्ही!" हसू दे गावाला. त्या साक्षीदार असल्याने कायद्याने त्यांना काही देता येत नाही. बरंच झालं.

६. आता माझे पाय. साखरेने ते बधिर झालेत, गुडघे वाकत नाहीत, नखांपर्यंत हात पोचत नाही. अंगठ्याचं नख मांसात शिरलं आहे. दोन्ही मुलं आली की वाकून पाया पडतात, मोज्यांवरूनच. पायांकडे कोणी बघत नाही. याचा मला फार राग येतो, आणि वाईटही वाटतं. मेल्यावर पायांवर फुलं वाहू नका. हे एक कलम मात्र मृत्यूनंतर नव्हे, आजपासून लागू आहे, म्हणून दोघांना प्रत आजच पाठवतो: कोणीही एकाने यावं, मोजे काढावेत आणि माझी नखं कापावीत.

हे सर्व मी साक्षीदारांसमोर वाचून सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर.

देवचंद पुना बैसाणे (सही)

साक्षीदार:
१. रोहिदास तोताराम पाटील (सही)
२. भागाबाई दगा माळी (डाव्या हाताचा अंगठा)

शिंदखेडा, दि. ९ फेब्रुवारी २०२५